लहान विमानांचे अपघात आणि त्यांपासून घ्यावयाचा बोध : एक अर्थविचार

अपघाताची वार्ता आणि अपघाताचा बोध या दोन भिन्न गोष्टी होत. वार्ता एका दिवसाची असते. ती वाचून आपण हळहळतो आणि विसरतो. बोध हा पुढील उड्डाणासाठी असतो व तो कोणीतरी परिश्रमपूर्वक तयार करावा लागतो. तो तयार होण्याची क्रिया यांत्रिक आहे तितकीच भाषिकही आहे, कारण मोडलेले विमान स्वतः काहीही सांगत नाही. त्याच्याविषयी केलेली विधाने सांगतात. ही विधाने कशी बनतात, कोठे फसतात आणि कशी सुधारतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे प्रामुख्याने लहान विमानांची, त्यांतही दट्ट्याच्या इंजिनावर चालणाऱ्या विमानांची, घेतली आहेत. वैमानिक होऊ इच्छिणारा प्रत्येक विद्यार्थी बहुधा अशाच विमानातून प्रथम आकाशात जातो.

(१) घाटकोपरची घटना

दिनांक २८ जून २०१८ रोजी दुपारी एक वाजून गेल्यावर बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० जातीचे एक लहान विमान घाटकोपरच्या पश्चिम भागात, सर्वोदयनगर परिसरात, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीजवळ कोसळले. दीर्घ दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी ते जुहू विमानतळावरून निघाले होते. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जण मृत्यू पावले. या विमानाची इंजिने दट्ट्याची नव्हती, टर्बाइनची होती. तथापि ज्या प्रकारे ते पडले तो प्रकार सर्व लहान विमानांना समान आहे. त्यापूर्वी दीड वर्ष, ११ डिसेंबर २०१६ रोजी, गोरेगावच्या आरे वसाहतीत दट्ट्याच्या इंजिनाचे एक लहान हेलिकॉप्टर कोसळले होते. तेव्हा उपनगरांतील रहिवाशांच्या दृष्टीने हा विषय पुस्तकी नाही. आपल्या डोक्यावरून जे उडते त्याच्या सुरक्षिततेशी विमानात कधीही न बसणाऱ्या माणसाचाही संबंध आहे, हे त्या पादचाऱ्याच्या मृत्यूने दाखवून दिले.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सामान्य वाचकाच्या मनात जो प्रश्न असतो तो एवढाच : चूक कोणाची? अन्वेषकाचा प्रश्न निराळा असतो : काय काय जुळून आले, आणि त्यांपैकी काय पुन्हा जुळून येऊ शकेल? भारतात २०१२ पासून हे काम विमान अपघात अन्वेषण विभागाकडे आहे. घाटकोपरच्या अपघाताचे संभाव्य कारण म्हणून या विभागाच्या अहवालाने वळणात असताना विमानाचा झालेला स्टॉल दाखविला, आणि त्याच्यामागे बिघडत चाललेले हवामान, त्यातून उत्पन्न झालेला दिशाभ्रम व परिस्थितीचे सुटलेले भान अशी साखळी मांडली. ‘चूक कोणाची’ या प्रश्नाला एका नावात उत्तर मिळते. ‘काय जुळून आले’ या प्रश्नाला एक नाव पुरत नाही. त्याला वाक्यांची मालिका लागते.

(२) क्रियापदाचे चार अर्थ

मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे चार अर्थ मानले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. अपघातापासून बोधापर्यंतचा प्रवास या चार अर्थांच्या साहाय्याने फार स्पष्टपणे दाखविता येतो. ‘विमान डावीकडे वळले व कोसळले’ हे स्वार्थी विधान; घडले ते सांगणारे. ‘वेग राखला असता तर ते कोसळले नसते’ हे संकेतार्थी विधान. घडले नाही ते कल्पून कारण शोधणारे. ‘उतरण्यापूर्वीच्या वळणात अमुक वेगाखाली जाऊ नये’ हे विध्यर्थी विधान. पुढील वैमानिकासाठी कर्तव्य सांगणारे. आणि ‘काळजी घ्या!’ हे आज्ञार्थी.

बोध घेण्याचा शास्त्रशुद्ध क्रम स्वार्थाकडून संकेतार्थाकडे आणि तेथून विध्यर्थाकडे जातो. सामान्य व्यवहारात मात्र आपण स्वार्थावरून एकदम आज्ञार्थावर उडी मारतो. ‘अपघात झाला, वैमानिकांनी काळजी घ्यावी’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नाही, पण तो काही शिकवीतही नाही. कारण काळजी घेऊ नये असे ठरवून कोणीही विमानात बसत नाही. मधली संकेतार्थाची पायरी गाळली की उपदेश उरतो, ज्ञान उरत नाही.

(३) शब्दांची फसवणूक

पहिली अडचण स्वार्थी विधानातच येते. काय घडले हे सांगणारा शब्दच दिशाभूल करणारा असला तर पुढील सर्व पायऱ्या चुकतात.

‘स्टॉल’ हाच शब्द घ्या. रस्त्यावर ‘गाडी स्टॉल झाली’ म्हणजे इंजिन बंद पडले. यावरून वाचक समजतो की विमान स्टॉल झाले म्हणजे त्याचेही इंजिन बंद पडले. वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेशी एक विशिष्ट कोन करतो. हा कोन वाढविला की उचलही वाढत जाते. परंतु एका मर्यादेपलीकडे पंखावरून वाहणारी हवा त्याच्या वरच्या पृष्ठभागाला धरून राहत नाही, ती सुटून विस्कळीत होते आणि उचल एकाएकी घटते. हा स्टॉल होय. या वेळी इंजिन पूर्ण शक्तीने गर्जत असू शकते. त्यावर उपाय म्हणजे विमानाचे नाक खाली करून कोन कमी करणे. जमीन जवळ दिसत असताना नाक खाली करणे मनुष्याच्या सहजप्रवृत्तीच्या विरुद्ध आहे. भयभीत हात दांडी उलट मागे ओढतो आणि स्टॉल अधिकच गहिरा होतो. ज्या वाचकाने ‘स्टॉल’ म्हणजे ‘इंजिन बंद’ असा अर्थ घेतला त्याच्या हाती या अपघाताचा बोधही चुकीचाच लागेल : तो इंजिनाची निगा राखावयास सांगेल, आणि हाताच्या प्रवृत्तीचा प्रश्न तसाच राहील.

वळणाचा संबंध येथे येतो. सपाट वळण घेताना पंखांना विमानाचे वजन पेलून शिवाय त्याला वळवावयाचेही असते. त्यामुळे समान उंची राखून ४५ अंशांच्या कलात वळणाऱ्या विमानाचा स्टॉल होण्याचा वेग सरळ उड्डाणापेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, तर ६० अंशांच्या कलात तो सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना जो वेग निर्धोक असतो तोच तीव्र वळणात घातक ठरतो. उड्डाण करताच इंजिन बंद पडल्यास मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह टाळावा आणि शक्यतो समोरची जागा निवडावी, हा जुना नियम या गणितावरच उभा आहे.

दुसरे उदाहरण ‘इंधनाअभावी’ या शब्दाचे. या एका शब्दात दोन निराळ्या घटना लपलेल्या असतात. एकीत टाकीतील इंधन खरोखरच संपलेले असते. म्हणजे हिशेब चुकलेला असतो. दुसरीत विमानात इंधन भरपूर असते, परंतु ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही : तोटी रिकाम्या टाकीकडे वळलेली असते, किंवा इंधनात पाणी उतरलेले असते. पहिलीचा बोध असा की उड्डाणापूर्वी टाकी उघडून डोळ्यांनी पाहावी, केवळ काट्यावर विसंबू नये. दुसरीचा बोध असा की टाकीच्या तळाशी बसलेले पाणी प्रत्येक उड्डाणापूर्वी काढून पाहावे आणि इंजिन अडखळताच प्रथम तोटी तपासावी. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत ही पाण्याची शंका विशेष बाळगली पाहिजे. एका शब्दाने दोन्ही घटना झाकल्या की एक बोध हरवतो.

तिसऱ्या उदाहरणात कारणच विरघळून जाते. पुष्कळ जुन्या दट्ट्याच्या इंजिनांत पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये होते. तेथील अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो आणि पेट्रोलची वाफ होते. या दोन्ही क्रियांनी तापमान झपाट्याने खाली येते. हवा दमट असेल तर बाहेर २० ते २५ अंश सेल्सियस तापमान असतानाही आत बर्फ धरू शकते, आणि इंजिनाची शक्ती कमी करून विमान खाली उतरत असताना हा धोका अधिक असतो. गळा चोंदला की इंजिनाची आवर्तने घटतात. यावर उपाय म्हणून तापविलेली हवा आत सोडण्याची सोय असते. परंतु ती सोडताच वितळलेले पाणी इंजिनात जाऊन इंजिन क्षणभर अधिकच खडखडते. नवशिका वैमानिक घाबरून ती बंद करतो आणि जो उपाय लागू पडत होता तोच सोडून देतो. अपघातानंतर अन्वेषक पोहोचेपर्यंत बर्फाचा मागमूसही उरत नाही. त्याला इंजिन निर्दोष आढळते. मग तो त्या दिवसाचे तापमान व दमटपणा पाहतो, साक्षीदारांनी ऐकलेला आवाज पाहतो, आणि ‘संभाव्य कारण’ असे लिहितो. ‘संभाव्य’ हे विशेषण पळवाट नव्हे. पुरावा कोठपर्यंत पोहोचतो आणि अनुमान कोठे सुरू होते, याची ती प्रामाणिक खूण आहे.

(४) संकेतार्थाची कसोटी

आता संकेतार्थाकडे वळू. ‘अमुक झाले असते तर अपघात झाला नसता’ अशी असंख्य वाक्ये प्रत्येक अपघाताविषयी रचता येतात व ती सर्व खरी असतात. वैमानिकाने वेग राखला असता तर अपघात झाला नसता. तो दहा मिनिटे उशिरा निघाला असता तर झाला नसता. विमानाचा शोधच लागला नसता तर मुळीच झाला नसता. तर्कदृष्ट्या या वाक्यांत फरक नाही. बोधाच्या दृष्टीने आहे. म्हणून निवडीची कसोटी हवी. माझ्या मते ती त्रिविध आहे.

पहिली कसोटी : ती अट त्या क्षणी, त्या आसनावर बसलेल्या माणसाला कळू शकत होती काय? ‘त्याला कळायला हवे होते’ ही आपली फार लाडकी शब्दरचना आहे, परंतु तिच्यात शेवट ठाऊक असलेल्या माणसाचा अहंकार दडलेला असतो. दुसरी कसोटी : ती अट पुन्हा जुळून येण्यासारखी आहे काय? दहा मिनिटांचा उशीर हा योगायोग होय. ढगात शिरणे हा योगायोग नव्हे. तिसरी कसोटी : ती अट बदलणे मनुष्याच्या आवाक्यात आहे काय?

ढगात शिरण्याचेच उदाहरण घेऊ. क्षितिज दिसेनासे झाले की मनुष्य आपल्या कानातील तोलाच्या इंद्रियावर विसंबतो. हे इंद्रिय वळणाचा आरंभ ओळखते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले की ते सरळ उड्डाण वाटू लागते, आणि विमान खरोखर सरळ केले की ते उलट दिशेला वळत आहे असा भास होतो. इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये केलेल्या एका प्रयोगात उपकरणांवर उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या २० व्यक्तींना बाहेरचे काहीही दिसणार नाही अशा स्थितीत बीचक्राफ्ट बोनान्झा हे दट्ट्याच्या इंजिनाचे विमान चालवावयास दिले. शिक्षक अर्थातच शेजारी होता. विसांच्या विसांचा ताबा सुटला. आणि त्यास लागलेला सरासरी काळ १७८ सेकंद होता. म्हणजे तीन मिनिटेही नव्हेत.

या प्रयोगाचे महत्त्व असे की त्याने एका आरोपाचे एका नियमात रूपांतर केले. ‘तो वैमानिक गोंधळला’ हे विधान एका माणसाविषयी आहे. ‘शिक्षण नसलेला कोणीही गोंधळतो’ हे विधान मानवी देहाविषयी आहे. पहिल्यावर उपाय नाही. दुसऱ्यावर आहे : उपकरणांवरील किमान शिक्षण, ढग दिसताच मागे फिरण्याचा पूर्वनिश्चय, आणि जमिनीवर असतानाच ‘आज नको’ असे म्हणण्याची मोकळीक. त्या विसांपैकी प्रत्येक जण नंतर दिलेल्या शिक्षणाने सुरक्षित परत फिरावयास शिकू शकला, हा त्याच संशोधनाचा उत्तरार्ध आहे. पण तो फारच थोड्यांच्या ध्यानात राहतो.

(५) एकवचन आणि बहुवचन

एका अपघातावरून कारण ओळखणे कठीण असते. अनेक शेजारी शेजारी मांडले की आकृती दिसू लागते. याचे एक उत्तम उदाहरण जुहूशी नात्याने जोडलेले आहे. दिनांक १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, आणि भारतीय विमान-टपालाचा आरंभ झाला, हे सर्वश्रुत आहे. ते विमान डी हॅविलंड कंपनीचे पस मॉथ होते : एक दट्ट्याचे इंजिन, एक पंखजोडी, बंदिस्त बैठक. त्याच काळात या जातीच्या विमानांवर एक गंभीर संशय होता, ही गोष्ट मात्र तितकीशी ठाऊक नसते. १९३० पासून पुढील काही वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत पस मॉथ विमाने हवेतच मोडून पडली. ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक मोडले. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ड्रेकन्सबर्ग पर्वतात प्रसिद्ध वैमानिक ग्लेन किडस्टन असाच मरण पावला.

यांपैकी प्रत्येक अपघात एकेकटा पाहिला असता वादळ, अतिवेग, वैमानिकाची हाताळणी अशी निरनिराळी कारणे सुचू शकत. ब्रिटिश संशोधकांनी ते एकत्र मांडले, नमुन्यांवर प्रयोग केले, आणि विशिष्ट परिस्थितीत पंखाला सुटणारी फडफड हे कारण म्हणून पुढे आले. उपाय साधा होता : पंखाच्या पुढील टेकूला एक लहान साहाय्यक टेकू जोडण्यात आला. अनेकवचनाने जे दाखविले ते एकवचनाने दाखविले नसते.

जुहूचे दुसरे उदाहरण स्थळाविषयी आहे. दिनांक १५ जुलै १९५३ रोजी बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. कोणासही इजा झाली नाही. काही दिवसांनी विमान उडवून बाहेर नेण्यात आले. दिनांक २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ त्याच भ्रमाने त्याच धावपट्टीवर उतरले, धावपट्टी ओलांडून गेले आणि निकामी झाले. ही दोन्ही मोठी जेट विमाने होती, तरीही प्रस्तुत विषयाला ती फार उपयुक्त आहेत. देश निराळे, वैमानिक निराळे, मध्ये १९ वर्षे. समान काय, तर शेजारी शेजारी असलेले दोन विमानतळ आणि जवळजवळ एकाच दिशेच्या धावपट्ट्या. जेव्हा कर्ता बदलतो आणि क्रिया तीच राहते, तेव्हा कारण कर्त्यात नव्हे, अधिकरणात शोधले पाहिजे.

यातून ‘घटना’ आणि ‘अपघात’ या पारिभाषिक भेदाचे मोलही कळते. पहिल्या प्रसंगी हानी झाली नाही, म्हणून ती घटना. दुसऱ्या प्रसंगी झाली, म्हणून तो अपघात. कारणांच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकच. घटना हा प्राणाचे मोल न घेता शिकविणारा गुरू होय. दिनांक २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एक सेस्ना १५२ शेतात कोसळले व एकटीच उडणारी शिकाऊ वैमानिक बचावली. असा प्रसंग सुदैवाचा म्हणून मिटविणे सोपे असते. परंतु जो वाचतो तो साक्षीदार असतो, आणि साक्षीदार वाचलेला अपघात अभ्यासाला अधिक काही देऊ शकतो.

(६) विध्यर्थ कसा टिकतो

१९५१ मध्ये प्रथम स्वीकृत झालेले, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराचे तेरावे परिशिष्ट अन्वेषणाचा एकमेव हेतू सांगते : पुढील अपघात टाळणे. दोष वा दायित्व ठरविणे हा त्याचा हेतू नाही. न्यायालयाचे काम त्यामुळे संपत नाही; ते निराळ्या ठिकाणी निराळ्या नियमांनी चालते. हा भेद केवळ सौजन्याचा नाही. ज्या भाषेत उत्तर दिल्याने शिक्षा होते त्या भाषेत मनुष्य खरे उत्तर देत नाही. अमेरिकेत १९७६ पासून नासा या संस्थेमार्फत वैमानिकांची चुकांविषयीची निवेदने नाव गुप्त ठेवून स्वीकारली जातात. ‘माझे चुकले’ हे वाक्य निर्भयपणे उच्चारता येईल अशी जागा निर्माण केल्याखेरीज विध्यर्थाला लागणारी सामग्रीच मिळत नाही.

विध्यर्थी वाक्याची आणखी एक अडचण अशी की ते कालांतराने पोकळ होते. ‘तापविलेली हवा सोडावी’ एवढाच नियम पाठ केलेला विद्यार्थी इंजिन खडखडताच ती बंद करतो. ‘सोडल्यावर इंजिन क्षणभर अधिक खडखडेल, तरीही बंद करू नये’ हे ज्यास ठाऊक आहे तो थांबतो. म्हणजे नियमाबरोबर त्याच्यामागील संकेतार्थ आणि त्याच्याही मागील स्वार्थ सांगितला पाहिजे. शिक्षकांनी नियम शिकविताना ज्या अपघातातून तो आला तो अपघातही सांगावा, याचे कारण हेच. कारण हरवलेला नियम घाईच्या पहिल्याच प्रसंगी मोडला जातो.

येथे मराठी भाषकांचा एक प्रश्न उभा राहतो. आपल्याकडील अपघातांचे सविस्तर अहवाल इंग्रजीत प्रसिद्ध होतात. मराठीत येते ती वार्ता. त्यामुळे घाटकोपरच्या रहिवाशाला विमान पडले हे कळते, परंतु ते का पडले हे क्वचितच कळते. इंदापूरच्या ज्या शेतकऱ्याच्या रानात विमान उतरते त्याचीही स्थिती हीच. स्टॉल, दिशाभ्रम, इंधन संपणे आणि इंधन न पोहोचणे यांतील भेद नेमक्या मराठीत मांडणे हे परिभाषेचे कार्य आहे, आणि ते आपल्यासारख्या विभागांनी अंगावर घ्यावयास हरकत नसावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी विषय हवा असेल तर एखाद्या अपघाताची मराठी वृत्तपत्रांतील वार्ता व त्याच अपघाताचा अधिकृत अहवाल समोरासमोर ठेवावा, आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता व अर्थ नोंदवावा. कोठे कर्ता गाळला आहे, कोठे तो नको तेथे बसविला आहे, संकेतार्थ किती ठिकाणी आला आहे, हे मोजून पाहावे. त्यात व्याकरणाचा अभ्यास होईलच. परंतु जो रस्त्याने चालला होता आणि ज्याचा विमानाशी काहीही संबंध नव्हता, त्या पाचव्या माणसाच्या मृत्यूचा अर्थ लावण्यासही त्यामुळे थोडेफार साहाय्य होईल.